पाच काडतुसं, चार टायर: एका बेडफर्ड लॉरीचं प्रकरण

बेडफर्ड क्यूएल लॉरी आम्हा पाच जणांच्या मालकीची. म्हणजे पाच जणांनी पैसे घातले आणि पाच घरांत त्यावरून बोलणी खाल्ली. २०२३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या ल्युटनजवळच्या एका शेतावरून आम्ही ती ट्रॅक्टरने ओढून आणली. तिचा मालक वारला होता आणि त्याच्या बायकोला गोठा मोकळा करून हवा होता. पाचांतला मी एकटाच मराठी, मूळचा खडकीचा. बाकीचे चौघे इंग्रज. त्यातला सर्वांत म्हातारा मेकॅनिक पंचाहत्तरीचा, आणि त्याला वाटतं की आपल्याला सगळं माहीत आहे. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

गाडी महायुद्धातली. १९४१ ते १९४५ या काळात, बेडफर्ड ज्यांची त्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या ल्युटनच्या कारखान्यातून अशा ५२,२४७ लॉऱ्या बाहेर पडल्या. चारही चाकांना जोर, ३ टनांची ताकद, ७२ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, आणि ड्रायव्हर इंजिनाच्या बोकांडी बसलेला. जोरात हाणली तरी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. आमची जन्मगावाजवळच सापडली याचा आम्हाला फार अभिमान होता. बायकांना नव्हता.

जुलैमध्ये जुन्या लष्करी गाड्यांचं एक संमेलन होतं, तिथे ती स्वतःच्या चाकांवर न्यायची असं ठरलं. त्यातच गावातल्या एका बाईंनी विचारलं, सप्टेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे, वऱ्हाड चर्चपासून हॉलपर्यंत या लॉरीतून न्याल का? पैसे देऊ. चौघांनी माझ्याकडे बघितलं, कारण हिशेबाची वही माझ्याकडे. मी हो म्हणून बसलो.

त्यानंतरच्या शनिवारी एकाच दुपारी दोन गोष्टी पुढे आल्या. केबिनमधल्या सीटखालचा हत्यारांचा पेटारा रिकामा करताना तंबाखूची एक चपटी डबी निघाली. आणि चाकं धुताना टायरच्या गालावरचे आकडे पहिल्यांदा नीट वाचता आले. डबीतल्या मालावर वय ठोकलेलं होतं, टायरवरही ठोकलेलं होतं. पुढचे तीन महिने आम्ही त्या दोन आकड्यांमागे घालवले.

आधी डबी. आत एका गंजक्या चार्जरमध्ये अडकवलेली पाच काडतुसं होती. चार्जर म्हणजे पत्र्याची पन्हळ. पाच काडतुसं तिच्यात बसवून, अंगठ्याने दाबून रायफलीच्या मॅगझिनमध्ये सरकवायची. मी एक हातात घेतलं, आणि ही पहिली चूक. पितळ काळपट पडलं होतं, जुन्या तांब्या-भांड्यांसारखं. बूड उजेडात धरलं तर कडेने 'के' आणि 'एफ' ही अक्षरं, दोहोंच्या मध्ये वर तोंड केलेला बाण, मग ४२, आणि रोमन आकड्यातले सात. मधल्या टोपीभोवती, म्हणजे घोडा आपटल्यावर जी ठिणगी देते तिच्याभोवती, पिकल्या जांभळाच्या रंगाची, जवळजवळ पुसली गेलेली कडी.

म्हातारा म्हणाला, "के म्हणजे कायनॉक. बर्मिंगहॅमची काडतुसांची कंपनी." माझं लक्ष मात्र त्या बाणावरून हलेना. मी बुडाचा फोटो काढून खडकीला काकांना पाठवला. काका तिथल्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"बाण मध्ये आहे का बाजूला?"

"मध्ये."

"मग आमचंच ते. किर्की फॅक्टरी. कुठं सापडलं म्हणालास?"

"ल्युटनजवळ. लॉरीत."

"बघ, एवढ्या लांब गेलं आणि उडालं नाही."

खडकीचा हा कारखाना १८६९ पासूनचा. इंग्रज त्या गावाला किर्की म्हणत, म्हणून के आणि एफ. बाण हा सरकारी मालाचा शिक्का. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या मालावर 'के'च्या जागी 'डी' असायचा. ज्या भोंग्यावर आमच्या आळीतले लोक घड्याळं लावायचे, त्या भोंग्याखाली हे काडतूस १९४२ साली बनलं होतं. डबीवर जुन्या शिलिंगातली किंमत होती. त्यामुळे लॉरी सैन्यातून सुटल्यावर कुणा हौशी मालकाने ती आठवण म्हणून आत ठेवली असावी, असं मला वाटतं.

आपल्याकडे याला 'थ्री नॉट थ्री' म्हणतात आणि लहान पोरालाही ते नाव ठाऊक असतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर रेल्वे पोलिसांच्या हातात याच जातीच्या रायफली होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० ला संचलनात तिला रीतसर निरोप दिला. यातली 'मार्क सात' गोळी १९१० ची. वजन ११.३ ग्रॅम, नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण ७४४ मीटर. तिच्या टोकात शिसं नसतं, अॅल्युमिनियम असतं; युद्धात अॅल्युमिनियम विमानांना लागायला लागल्यावर कागदाचा किंवा लाकडाचा लगदा भरत. सगळं वजन मागे राहतं, त्यामुळे लागल्यावर गोळी आत कोलमडते. आणि दारू पूड नसते. कॉर्डाइटच्या बारीक काड्यांची जुडी असते, शेवयांसारखी. मान आवळल्यावर ती जुडी आत जाणं शक्य नाही, म्हणून आधी सरळ नळकांड्यात जुडी घालायची, वर पुठ्ठ्याची चकती बसवायची आणि मग पितळाची मान आवळायची. काका हे सांगताना दोन्ही हातांनी आवळून दाखवत होते. फोन कुठे होता देव जाणे, मला फक्त छताचा पंखा दिसत होता.

म्हातारा तोवर बाकावरचा व्हाइस उघडून बसला होता. त्याचं म्हणणं, गोळी उपटू, काड्या ओतून टाकू, बुडात तेलाचा फवारा मारू, की झाली शोभेची वस्तू. काकांना हे सांगितलं तर त्यांचा आवाज चढला. "त्याला सांग, दारूला भिऊ नको, टोपीला भी." त्या काळातल्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट आणि पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. तेलाने ती मरते यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि व्हाइसच्या जबड्यात ती नेमकी तोंडासमोर येते. हीच टोपी उडाल्यावर नळीत मीठ सोडते आणि ते मीठ हवेतलं पाणी ओढून पोलाद खातं. म्हणून सैनिक रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत.

पण व्हाइस बंद करायला लावलं ते कायद्याने. ब्रिटनमध्ये १९६८ च्या बंदूक कायद्याप्रमाणे असं जिवंत काडतूस पोलिसांच्या दाखल्याशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. पुरातन हत्यारांना त्या कायद्यात सवलत आहे खरी, पण ती हत्याराला आहे. आणि थ्री नॉट थ्री इथे कालबाह्य धरलेलं नाही. सरे परगण्यात बिझ्ली नावाच्या गावी मोठी चांदमारी आहे, तिथे दाखला असलेले हौशी लोक जुन्या एनफील्ड रायफलीतून ते आजही झाडतात. म्हणजे १९४२ चा शिक्का आमच्या काही कामाचा नव्हता. काडतूस ८१ वर्षांचं आहे म्हणून कुणी सूट देणार नव्हतं. निकामी करायलासुद्धा ते आधी कायदेशीरपणे आपल्याकडे असावं लागतं.

आम्हाला ठाऊकच नव्हतं, हा बचाव तरी? तोही तकलादू. डबी तुमच्या ताब्यात, आत काय आहे हे माहीत नव्हतं, असं म्हणणारे लोक इथल्या कोर्टांत हरलेले आहेत. भारतात गोष्ट वेगळी आहे, आणि नाशिक-कोल्हापूरकडे लिलावातल्या जुन्या जिपा नीट करणाऱ्यांनी ती माहीत करून घ्यावी. सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात आणि पुन्हा १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात सांगितलं की शस्त्र बाळगण्याच्या गुन्ह्यात ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. विमानतळावर कुणाच्या बॅगेच्या तळाशी विसरलेलं एखादं काडतूस निघतं आणि पुढे हायकोर्ट तो गुन्हा रद्द करतं, ते याच आधारावर. पण रद्द होईपर्यंत वकील, तारखा आणि पासपोर्टची कटकट आहेच. शिवाय थ्री नॉट थ्री आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, साध्या परवान्यावर मिळत नाही. आणि एकदा डबी उघडून बघितलीत की जाणीव आली. त्यानंतर कपाटात ठेवलंत तर बचाव संपला.

आम्ही १०१ ला फोन केला. हा पोलिसांचा बिनतातडीचा नंबर. सूचना साधी होती: आहे तिथे ठेवा, गाडीत घालून चौकीत घेऊन येऊ नका. दुसऱ्या दिवशी बंदूक परवाना विभागाचा माणूस आला. त्याने पहिल्यांदा टोप्यांभोवतीच्या कड्या बघितल्या. जांभळी म्हणजे साधी गोळी. हिरवी असती तर चिलखत भेदणारी, निळी असती तर आग लावणारी, आणि त्या दोन्ही इथे दाखल्यावरही मिळत नाहीत, त्यांचं कलमच वेगळं. त्याने पावती लिहिली, रिकामा चार्जर आमच्या हातात परत दिला आणि चहा न घेता गेला. गुन्हा वगैरे काही नोंदला नाही.

काका मात्र दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक तरी ठेवायचंस रे." नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी म्हणाले.

आता टायर. इथे कायद्याने आमच्याशी अगदी उलट वागणूक ठेवली.

मागच्या दोन टायरांच्या गालावर डीओटी अक्षरांनंतर शेवटी ११०७ असे आकडे होते: २००७ चा अकरावा आठवडा. पुढच्या दोन्हींवर तीनच आकडे, २८५. सन २००० च्या आधी तीन आकड्यांचीच पद्धत होती, आणि त्यातून दशक कळत नाही. अठ्ठाविसावा आठवडा खरा, पण १९८५ चा की १९९५ चा? म्हणजे टायर २८ वर्षांचा किंवा ३८ वर्षांचा. नक्षी मात्र करकरीत. लॉरीला कायदा एक मिलिमीटर नक्षी मागतो, आमच्याकडे त्याच्या दसपट होती. गोठ्यात उभ्या गाडीची नक्षी झिजणार कशी?

ब्रिटनमध्ये टायरच्या वयाचा नियम आला त्यामागे एक अपघात आहे. १० सप्टेंबर २०१२ च्या रात्री आइल ऑफ वाइट बेटावरच्या संगीत महोत्सवातून लिव्हरपूलकडे परतणारी एक बस सरे परगण्यात हाइंडहेडजवळ ए-३ रस्त्यावर पुढचा टायर फुटून झाडावर आदळली. तिघं गेले. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. मेलेल्यांपैकी एक मुलगा अठरा वर्षांचा. नक्षीच्या हिशेबाने टायर कायदेशीर होता. त्या मुलाच्या आईने, फ्रान्सिस मलॉय यांनी, पुढची आठ वर्षं सरकारच्या मागे लागून नियम करवून घेतला. १ फेब्रुवारी २०२१ पासून साडेतीन टनांवरच्या लॉऱ्या, बस आणि कोच यांच्या पुढच्या अॅक्सलवर दहा वर्षांवरचा टायर चालत नाही. मिनीबसला सगळ्या एकेरी चाकांवर चालत नाही. आणि तारखेचा आकडा वाचता आला पाहिजे.

या नियमातून जुन्या गाड्या वगळल्या आहेत. चाळीस वर्षांवरची, मूळ स्वरूपात सांभाळलेली आणि धंद्यासाठी न वापरलेली गाडी असेल तर टायरच्या वयाची अट नाही. आमची बेडफर्ड ऐंशीच्या घरातली. म्हणजे गाडी म्हातारी म्हणून टायरही म्हातारा चालतो! काडतुसाला जे वय उपयोगी पडलं नाही, ते टायरला पडलं, आणि तेही स्वतःचं नव्हे, गाडीचं.

सवलतीत एक खुंटी आहे, 'धंद्यासाठी न वापरलेली'. लग्नाचे पैसे घेतले की ती आम्हाला लागली असती. वऱ्हाडाकडून भाडं घेऊन माणसं नेणं हा धंदाच, मग गाडी १९४३ ची असो की परवाची. त्या दिवशी पुढचे टायर दहा वर्षांच्या आतले हवेत, आणि विमा, माणसं नेण्याचा परवाना वगैरे वेगळंच. हिशेबाची वही माझ्याकडे असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बाईंना फोन करून नकार दिला. लग्नाच्या दिवशी लॉरी हॉलबाहेर फुकट उभी केली, नवरी पायरीवर बसली, फोटो काढले. कुणी एक फूटही हललं नाही.

पण संमेलनाचं काय? तिथे आम्ही कायद्याने जुन्याच टायरांवर जाऊ शकत होतो. चौघांपैकी दोघं त्याच बाजूचे. त्यांचा मुद्दा: गाडी साठच्या वर पळत नाही, वर्षाला शंभर-दीडशे मैल होतात, आणि लष्करी नक्षीचे नवे टायर आमच्या वर्षाच्या वर्गणीपेक्षा महाग. माझं मत पहिल्यापासून वेगळं होतं. टायरच्या रबरात एक मेण असतं. टायर फिरतो, दबतो, तसं ते पृष्ठभागावर येतं आणि ओझोनपासून रबर वाचवतं. उभ्या गाडीत ते वर येतच नाही. त्यामुळे कमी चालवलेला टायर जास्त टिकतो हा समज उलटा आहे. गोठ्यातली पंधरा वर्षं रस्त्यावरच्या पंधरा वर्षांहून वाईट. आणि आतून तर टायरमध्ये भरलेल्या हवेतला ऑक्सिजनच थरांमधलं रबर खात असतो, जे बाहेरून बघून कळायचं नाही. या लॉरीला पॉवर स्टिअरिंग नाही. पुढचा टायर उताराला गेला तर पंचाहत्तरीच्या माणसाच्या मनगटांवर सगळी भिस्त.

शेवटी ठरलं, पुढचा एक टायर काढून कापून बघायचा.

काढणं हेच एक प्रकरण झालं. युद्धातल्या बऱ्याच लष्करी लॉऱ्यांची चाकं दोन अर्ध्या थाळ्या बोल्टांनी जोडून केलेली असत. पंक्चर रानात काढता यावं म्हणून. बोल्टांची दोन वर्तुळं. एक चाक हबला धरून ठेवतं, दुसरं दोन थाळ्या एकमेकींना. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या वर्तुळाचे नट सैल केले तर थाळी तोफगोळ्यासारखी सुटते, आणि समोर जो वाकलेला असतो तो वाचत नाही. म्हणून सैन्यात ते नट लाल रंगवत. आमच्या चाकांवर मधल्या मालकाने वरून सगळीकडे एकसारखा हिरवा रंग फासला होता. म्हाताऱ्याने चाकूच्या टोकाने एका नटावरचा हिरवा पापुद्रा खरवडला. खाली लाल. मग तो एक शब्दही न बोलता बाकीचे सगळे नट खरवडत बसला, अर्धा तास. लाल वर्तुळ पूर्ण दिसलं तेव्हा आम्ही व्हॉल्व्हची मधली पिन काढली, हवा गेली, तरी व्हॉल्व्हमध्ये तार घालून पुन्हा खात्री केली, आणि मगच पाना लावला. गावातल्या टायरवाल्याने या चाकांना हात लावायला आधीच नकार दिला होता. त्याला मी शहाणा म्हणतो.

ट्यूब टायरला चिकटली होती, सोलून काढावी लागली. फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि चाकाच्या मधली रबरी पट्टी, कडक झाला होता, वाळक्या भाकरीसारखा. करवतीने आडवा छेद घेतला आणि कापलेल्या तोंडात पेचकस घातला, तर गालाजवळ दोन थर आपोआप सुटे झाले. मध्ये बोट जाईल एवढी फट. बाहेरून त्या जागी केसाएवढी चीरही नव्हती. विरोधात असलेल्या दोघांपैकी एकाने त्या फटीत बोट घालून बघितलं, काढलं, आणि पाकीट आणायला गाडीकडे गेला.

नवे टायर घेताना आणखी एक अडचण आली. आम्हाला रेडियल, म्हणजे ज्यांच्या थरांतले धागे सरळ आडवे असतात ते टायर, स्वस्त मिळत होते. पण पुढे रेडियल आणि मागे जुन्या पद्धतीचे, तिरक्या धाग्यांचे क्रॉसप्लाय ही जोडी एकेरी चाकांच्या दोन अॅक्सलच्या गाडीला इथे बेकायदा आहे. उलट चालते. या नियमातून जुनी गाडी म्हणून सुटका नाही, आणि नसावीच; रेडियलची पकड जास्त, त्यामुळे मागची चाकं आधी घसरतात आणि गाडी गोल फिरते. म्हणून पुढच्या दोघांना महागडे क्रॉसप्लायच घेतले. मागचे २००७ चे कायद्याला आजही चालतात, पुढे धंदा केला तरी, कारण वयाची अट लॉरीच्या फक्त पुढच्या अॅक्सलला. ते पुढच्या हिवाळ्यात बदलायचे असं वहीत लिहिलं आणि खाली पाचही जणांच्या सह्या घेतल्या, नाहीतर ते कधीच बदलले जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

जुलैत लॉरी संमेलनाला गेली आणि परत आली. वाटेत पंपाचा पट्टा तुटला. टायरांचं काही झालं नाही.

तिथे म्हाताऱ्याने एका विक्रेत्याकडून कवायतीची पाच काडतुसं घेतली. लाकडी गोळी, पितळाला आरपार भोकं, आत दारू नाही, टोपी नाही; ही कुणीही बाळगावीत. आमच्या गंजक्या चार्जरमध्ये ती बसवून त्याने केबिनमध्ये टांगली. मी काकांना व्हिडिओवर दाखवलं.

"बूड दाखव," काका म्हणाले.

दाखवलं. बाण नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "टायर दाखव."